बाळाच्या नाकावरची गाठ : आधी तपास, मग सुई-चाकू

नामकरणाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले असते. त्रिसरण-पंचशील होते, नाव ठेवून होते आणि मग बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागते. अशा वेळी बाळाच्या दोन भुवयांच्या मध्ये किंवा नाकाच्या दांडीवर हरभऱ्याएवढी गाठ कोणाच्या नजरेला पडली, की सल्ले सुरू होतात. एक आजी म्हणते, "मालीशवालीला सांगा, रोज अंगठ्याने दाबली की बसेल." दुसरी बाळाच्या आईकडे पाहून विचारते, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" तिसरे कोणी धीर देतात, "मोठा झाला की आपोआप जाईल."

या तिन्ही सल्ल्यांमागे माया आहे, पण तिन्ही चुकीचे आहेत. पहिला तर धोक्याचा आहे. नाकाच्या मध्यरेषेवर जन्मापासून असलेली गाठ वरून लहान दिसली, तरी तिचे मूळ कधी कधी थेट मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेले असते. म्हणून या लेखात एकच गोष्ट नीट समजून घ्यायची आहे : अशी गाठ दाबायची नाही, फोडायची नाही, तिच्यात सुई घालायची नाही आणि तिचा तुकडाही काढू द्यायचा नाही. आधी तिचे मूळ कुठवर आहे ते स्कॅनवर पाहायचे, मगच पुढचा विचार करायचा.

हा आजार दुर्मीळ आहे. नाकाच्या मध्यरेषेवरच्या जन्मजात गाठी साधारणपणे 20 ते 40 हजार जन्मांमागे एका बाळात आढळतात. दुर्मीळ आहे म्हणून कुटुंबाला माहिती नसते आणि पुष्कळदा गावच्या डॉक्टरांनीही असे बाळ पूर्वी पाहिलेले नसते. चूक होते ती नेमकी इथेच.

गाठ येते कशी?

तथागतांची शिकवण आपल्याला कारण शोधायला सांगते. कारणाशिवाय काही घडत नाही. तेव्हा आधी या गाठीचे कारण पाहू.

आईच्या पोटात बाळाचा चेहरा घडतो तो गर्भधारणेच्या चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास. त्या काळात कपाळाचे हाड आणि नाकाची हाडे यांच्यामध्ये एक लहानशी फट असते. नाकाच्या हाडांच्या मागे, कूर्चेच्या पुढेही एक पोकळी असते. मेंदूवरच्या जाड आवरणाचे बोटासारखे एक टोक कवटीच्या तळातल्या छिद्रातून या पोकळीत उतरते आणि काही काळ नाकाच्या त्वचेच्या अगदी जवळ येते. पुढे ते टोक मागे सरकते, फट भरते, छिद्र बुजते. त्या छिद्राला वैद्यकीय भाषेत 'फोरामेन सीकम', म्हणजे आंधळे छिद्र, असे म्हणतात.

हे सगळे वेळेवर झाले तर काहीच उरत नाही. पण मागे सरकताना ते टोक त्वचेला चिकटून राहिले, तर त्वचेचा कण आत ओढला जातो. छिद्र बुजायचे राहिले, तर त्यातून मेंदूचे आवरण किंवा मेंदूचा भाग बाहेर डोकावतो. छिद्र बुजले पण मेंदूच्या पेशींचा थोडा भाग बाहेरच अडकला, तर त्याची वेगळी गाठ बनते. एकाच रस्त्यावर तीन ठिकाणी अडखळल्यामुळे होणाऱ्या या तीन गाठी आहेत.

आता ग्रहणाचा विचार करा. आठव्या आठवड्यापर्यंत चेहऱ्याची मुख्य घडण झालेली असते. त्या वेळी कित्येक बायांना आपण गरोदर आहोत हेही नीट कळलेले नसते. मग सातव्या-आठव्या महिन्यात ग्रहण लागले आणि आईने भाजी चिरली, तर त्याचा बाळाच्या नाकाशी संबंध येतोच कसा? तरीही दोष आईच्या माथी मारला जातो. ती बिचारी बाळाला पदराखाली झाकून फिरते, दवाखान्यात जायचे टाळते आणि तपासणीला उशीर होतो.

काही घरांत 'मागच्या जन्मीचे भोग' असेही बोलले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्मावर या जन्मीचे दुःख लादणारी कल्पना नाकारली आहे. जे घर स्वतःला बौद्ध म्हणवते, त्या घरात तान्ह्या बाळाला आणि त्याच्या आईला असे गुन्हेगार ठरवले जाता कामा नये.

तीन गाठी, तीन रूपे

समजण्यासाठी तीन बाळांचे उदाहरण घेऊ. ही खरी माणसे नाहीत, पण अशी बाळे डॉक्टरांसमोर येत असतात.

पहिले उदाहरण 6 वर्षांच्या मुलाचे. त्याच्या नाकाच्या दांडीवर जन्मापासून टाचणीच्या टोकाएवढा खळगा आहे आणि त्यातून एक केस बाहेर आलेला आहे. अधूनमधून तिथे लाल होते, दुखते आणि पांढरट, चिकट घाण येते. घरचे म्हणतात पुटकुळी आहे. दर वेळी दाबून साफ करतात आणि मेडिकलवाल्याकडून गोळी आणतात. ही डरमॉइड गाठ आहे. मध्यरेषेवरच्या तीन गाठींत हीच सर्वात जास्त आढळते. आत ओढल्या गेलेल्या त्वचेपासून ती बनते, म्हणून तिच्यात केस, घर्मग्रंथी आणि तेलग्रंथी असतात. ती घट्ट लागते, दाबली तरी बसत नाही आणि बाळ रडले तरी फुगत नाही. भुवयांच्या मधल्या जागेपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत आणि त्याखाली दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यापर्यंत ती कुठेही असू शकते. खळग्यातून बाहेर आलेला केस ही तिची सर्वात पक्की खूण. मात्र प्रत्येक डरमॉइडला खळगा किंवा केस असतोच असे नाही. काही मुलांत फक्त नाकाची दांडी रुंद दिसते.

तिचा खरा धोका आहे तिची नळी. काही मुलांत खळग्यापासून निघालेली बारीक नळी नाकाच्या हाडांखालून कवटीच्या तळापर्यंत जाते आणि तिथून आत शिरते. या नळीत पू झाला, तर तो त्याच वाटेने मेंदूकडे जाऊ शकतो. मग मेंदूच्या आवरणाला सूज येते किंवा मेंदूत गळू होते. 'पुटकुळी' दाबत बसण्याची किंमत इतकी मोठी असू शकते.

दुसरे उदाहरण 1 महिन्याच्या मुलीचे. नाकाच्या मुळाशी एका बाजूला लालसर, घट्ट गाठ आहे. तिच्यावर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. मुलगी रडली तरी गाठ वाढत नाही. ही नेझल ग्लायोमा. हे नाव ऐकून घाबरू नये. मोठ्या माणसांच्या मेंदूत होणाऱ्या कर्करोगालाही ग्लायोमा म्हणतात, पण ही गाठ कर्करोग नव्हे. मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींचा एक भाग बाहेर अडकून राहिला, एवढाच याचा अर्थ. यातल्या निम्म्याहून जास्त गाठी नाकाच्या बाहेर असतात, काही नाकपुडीच्या आत असतात, तर थोड्या दोन्हीकडे असतात. साधारण पाच-सहा बाळांपैकी एकात ही गाठ एका देठाने मेंदूच्या आवरणाशी जोडलेली राहते. म्हणून इथेही स्कॅनशिवाय चाकू नाही.

तिसरे उदाहरण 10 दिवसांच्या बाळाचे. भुवयांच्या मध्ये मऊ, निळसर फुगवटा आहे. बाळ झोपले की तो लहान होतो, रडू लागले की टरारून फुगतो. हलका हात ठेवला तर नाडीसारखे ठोके जाणवतात. दोन डोळ्यांमधले अंतरही जास्त वाटते. हा एन्सेफॅलोसील, म्हणजे कवटीतल्या भोकातून बाहेर आलेला मेंदूच्या आवरणाचा किंवा प्रत्यक्ष मेंदूचा भाग. मालीशवाली ज्याला 'गाठ' समजून दाबते, ती या बाळाच्या बाबतीत मेंदूची पिशवी असते. तिच्यावरची त्वचा पातळ असेल आणि ती फुटली, तर मेंदूभोवतीचे पाणी वाहू लागते आणि जंतू आत जायला वाट मिळते.

युरोप-अमेरिकेत एन्सेफॅलोसील बहुतेक वेळा डोक्याच्या मागच्या बाजूला आढळतो. थायलंड, कंबोडिया, म्यानमार या देशांत मात्र तो समोर, नाकाच्या मुळाशी येण्याचे प्रमाण बरेच जास्त आहे. आपल्या देशातही समोरच्या प्रकाराची बाळे दिसतात.

नाकपुडीच्या आतली गाठ

कधी बाहेर काहीच दिसत नाही, गाठ नाकपुडीच्या आत असते. नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. त्यामुळे नाक अडले की त्याला दूध ओढता येत नाही, ते घरघरते, छाती आत ओढली जाते. घरचे म्हणतात सर्दी आहे आणि नाकात तेल सोडतात. बाळाच्या नाकात तेल कधीच सोडू नये. ते श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आत एन्सेफॅलोसील असेल, तर नाकात नळी किंवा काडी घालणेही घातक आहे.

थोड्या मोठ्या मुलाच्या एका नाकपुडीत चकचकीत गोळा दिसला, तर 'नाकात मांस वाढले आहे, पॉलिप आहे, काढून टाकू' असे सांगितले जाते. इथे पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लहान मुलांत साधा पॉलिप फारसा होत नाही. म्हणून पाच वर्षांच्या आतील मुलाच्या एकाच नाकपुडीत पॉलिपसारखे काही दिसले, तर तो एन्सेफॅलोसील नाही हे स्कॅनने सिद्ध होईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. दुर्बिणीतून पाहताना डॉक्टर आणखी एक खूण शोधतात. साधा पॉलिप बहुधा नाकपुडीच्या बाहेरच्या भिंतीकडून येतो, तर मेंदूकडून उतरलेली गाठ वरून, मधल्या पडद्याच्या बाजूने येते.

डॉक्टर काय तपासतात?

चांगली तपासणी प्रश्नांपासून सुरू होते. गाठ जन्मतःच होती की नंतर आली? वाढते आहे का? रडताना, जोर करताना फुगते का? तिथून घाण येते का? नाकातून पाण्यासारखे काही गळते का? बाळाला पूर्वी कधी मेंदूज्वर झाला होता का?

मग डॉक्टर गाठीची जागा आणि रंग पाहतात, ती मऊ आहे की घट्ट, दाबून बसते की नाही हे अलगद तपासतात. अंधाऱ्या खोलीत बारीक टॉर्चचा उजेड गाठीच्या बाजूने टाकतात. आत पाणी असेल तर ती उजळते, घट्ट असेल तर उजेड आरपार जात नाही. मानेतल्या मोठ्या शिरांवर क्षणभर हलका दाब देऊन गाठ फुगते का, हेही पाहतात. तिला फर्स्टेनबर्ग चाचणी म्हणतात. ती फुगली तर आतून मेंदूकडे रस्ता खुला आहे असे समजतात. मानेवरची ही चाचणी घरी करून पाहण्याची चूक कोणी करू नये.

थोडक्यात फरक असा. एन्सेफॅलोसील मऊ, निळसर असतो, रडताना फुगतो आणि उजेडात बहुधा उजळतो. ग्लायोमा घट्ट, लालसर असते आणि फुगत नाही. डरमॉइड घट्ट असते, फुगत नाही आणि तिला खळगा किंवा केस असू शकतो.

पण या खुणांवरच विसंबून चालत नाही. गाठ फुगली नाही म्हणून मेंदूशी संबंध नाहीच, असे म्हणता येत नाही. नळी किंवा देठ बारीक असेल तर फुगवटा दिसत नाही, तरी वाट असते. म्हणून हाताच्या तपासणीनंतर स्कॅन लागतोच.

सीटी की एमआरआय?

पालकांचा नेहमीचा प्रश्न असतो, "दोन-दोन तपासण्या कशाला? पैसे उकळतात का?" शंका घेणे चुकीचे नाही, पण इथे दोन्हींची कामे वेगळी आहेत.

एमआरआयमध्ये मेंदू, त्याचे आवरण, पाणी, चरबी असे मऊ भाग स्पष्ट दिसतात. गाठीतला पदार्थ मेंदूचा आहे की त्वचेचा, नळी किंवा देठ कवटीच्या आत जातो का, हे त्यावरून कळते. त्यात क्ष-किरण नसतात. म्हणून लहान मुलांत एमआरआय ही मुख्य तपासणी मानली जाते. मशीनमध्ये बराच वेळ हालचाल न करता पडून राहावे लागते, त्यामुळे लहान बाळाला बहुधा झोपेचे औषध किंवा भूल द्यावी लागते. त्यासाठी काही तास उपाशी ठेवायला सांगतात. ती सूचना काटेकोर पाळावी. पोटात दूध असताना भूल दिली, तर उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

सीटी स्कॅनमध्ये हाडे स्पष्ट दिसतात. कवटीच्या तळाला भोक आहे का, ते आंधळे छिद्र रुंद आहे का आणि त्याच्या मागे कोंबड्याच्या तुऱ्यासारखे जे हाड असते ते दुभंगलेले आहे का, हे सीटीवर कळते. तुरा दुभंगलेला आणि छिद्र रुंद असेल, तर गाठ आत शिरलेली असल्याचा संशय बळावतो. शस्त्रक्रिया आखताना ही माहिती लागते. मात्र सीटीत क्ष-किरण असल्याने तो गरजेपुरताच करतात.

इथे एक खाचखळगा आहे. अगदी लहान बाळाच्या कवटीच्या तळाचा पुढचा भाग अजून कूर्चेचाच असतो. त्याचे हाड हळूहळू बनते. सीटीवर कूर्चा हाडासारखी दिसत नाही, त्यामुळे निरोगी बाळातही तिथे भोक असल्याचा भास होऊ शकतो. म्हणून तान्ह्या बाळाचा केवळ सीटीचा अहवाल वाचून 'कवटीला भोक आहे' असे म्हणत हंबरडा फोडू नये. एमआरआय आणि लहान मुलांच्या स्कॅनचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाचे मत मिळाल्यावरच निष्कर्ष काढावा.

बायोप्सी आधी का नको?

मोठ्या माणसाला गाठ आली की आधी सुईने किंवा तुकडा काढून तपासतात, हे आपल्याला ऐकून माहीत असते. त्यामुळे काही पालकच डॉक्टरांना म्हणतात, "तुकडा काढून बघा ना एकदा." या गाठींत क्रम उलटा आहे. आत मेंदूकडे जाणारी वाट असेल, तर सुईच्या भोकातूनही मेंदूभोवतीचे पाणी गळू शकते आणि जंतू आत जाऊ शकतात. म्हणून आधी स्कॅन, मग पूर्ण शस्त्रक्रिया आणि काढलेली अख्खी गाठ शेवटी प्रयोगशाळेत.

पूर्ण शस्त्रक्रिया हा शब्दही महत्त्वाचा. डरमॉइड वरवर काढली आणि नळीचा थोडा भाग आत राहिला, तर ती पुन्हा होते. दुसऱ्या वेळी जुन्या व्रणातून वाट काढणे जास्त अवघड असते. गाठ आतपर्यंत गेली असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन यांनी मिळून शस्त्रक्रिया करायची असते. हल्ली अनेक गाठी नाकातून दुर्बिणीनेही काढता येतात. निदान पक्के झाल्यावर विनाकारण वर्षानुवर्षे थांबू नये. डरमॉइड वाढत राहिली तर नाकाची हाडे बाजूला सरकतात आणि चेहऱ्याची ठेवण बिघडते.

दिसायला सारख्या, पण वेगळ्या

नाकावरचा प्रत्येक फुगवटा या तिघांपैकीच असतो असे नाही. जन्मानंतर काही दिवस-आठवड्यांनी उमटलेला, पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढणारा लालभडक उंचवटा बहुधा रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हेमँजिओमा असतो. तो पुढे हळूहळू विरत जातो. गरज पडली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रोप्रॅनोलॉल हे औषध देतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली जन्मतः दिसणारा निळसर फुगवटा अश्रूनलिका तुंबल्यामुळेही असू शकतो. तो मध्यरेषेवर नसतो, डोळ्याच्या कोपऱ्याशी असतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचे पाणी येत असेल, तर मुलाने आत खडू, मणी किंवा शेंगदाणा घातला असण्याची शक्यता जास्त.

आता तरुण मुलामुलींविषयी. कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीच्या नाकाच्या दांडीवर एकाच जागी, अगदी मधोमध, वर्षानुवर्षे 'मुरूम' येतो, फुटतो आणि पुन्हा येतो. मुरुमांच्या क्रीमने तो बरा होत नाही. असा मुरूम लहानपणी लक्षात न आलेली डरमॉइड असू शकतो. तिला ब्यूटी पार्लरमध्ये फोडून घेऊ नये. लहानपणचे फोटो काढून पाहावेत. त्यातही तोच ठिपका दिसला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

किशोरवयीन मुलाचे एका बाजूचे नाक सतत बंद राहत असेल आणि वारंवार घोळणा फुटत असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो. त्याला अँजिओफायब्रोमा म्हणतात. तो जन्मजात नाही आणि कर्करोगही नाही, पण तो रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. त्याचाही तुकडा बाह्यरुग्ण विभागात काढायचा नसतो, कारण भयंकर रक्तस्राव होतो. तिथेही नियम तोच : आधी स्कॅन.

घरी काय करायचे?

गाठीचे दोन फोटो काढून ठेवा, एक बाळ शांत असताना आणि एक रडताना. तारीख लिहून ठेवा. डॉक्टरांना हे फार उपयोगी पडते.

मालीश करणाऱ्या बाईला स्पष्ट सांगा की नाकाला हात लावायचा नाही. नाक सरळ व्हावे म्हणून चिमटीत धरून ओढण्याची आपल्याकडची रीत तशीही निरुपयोगी आहे. नाकाचा आकार मालिशीने बदलत नाही.

देवऋषी, भगत, अंगारा, डाग देणे, झाडपाल्याचा लेप यांपैकी काहीही करू नका. लेपाने त्वचा जळते, जंतू शिरतात आणि हातातला वेळ निघून जातो.

बाळाला ताप येऊन उलट्या होणे, मान ताठणे, टाळू फुगणे, झटके येणे, बाळ सुस्त पडणे, दूध सोडणे, श्वासाला त्रास होणे, ओठ निळे पडणे, किंवा गाठीतून वा एका नाकपुडीतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव गळणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि मोठ्या रुग्णालयात न्या.

कुठे जायचे?

खिशात पैसे नाहीत म्हणून थांबू नका. शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे आणि त्याची देशातली सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत त्यात तपासणी होते आणि जन्मजात व्यंग दिसल्यास पुढच्या उपचारासाठी पाठवले जाते. आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला गाठ दाखवा आणि या पथकाकडे नाव नोंदवायला सांगा. तिथून जिल्हा रुग्णालय आणि पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हा रस्ता आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना भेटा आणि शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते आधीच विचारा.

डॉक्टरांना हे प्रश्न जरूर विचारा. गाठ मध्यरेषेवर आहे का? तिचा मेंदूशी संबंध आहे का, हे कोणत्या स्कॅनने पाहणार? स्कॅनआधी सुई किंवा तुकडा घेणार नाही ना? शस्त्रक्रियेला न्यूरोसर्जन असतील का? प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. ज्या समाजाला हजारो वर्षे प्रश्न विचारू दिले नाहीत, त्याने दवाखान्यात तरी तोंड शिवून बसू नये.

आणि ज्या बहिणींना मूल हवे आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. गर्भ राहण्याच्या आधीपासून आणि पहिले तीन महिने रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिडची गोळी घेतल्याने बाळाच्या मेंदू आणि पाठीच्या कण्याच्या कित्येक जन्मजात व्यंगांचा धोका कमी होतो. सगळीच व्यंगे टळतात असे नाही. डरमॉइडचा तर या गोळीशी संबंध नाही. पण गोळी स्वस्त आहे, आरोग्य केंद्रात मिळते आणि ती घेणे शहाणपणाचे आहे. गोळी घेतली नव्हती म्हणून कोणत्याही आईला नंतर बोल लावू नये.

विनयपिटकात जीवक वैद्याच्या कथा आहेत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीचे डोके उघडून त्याने शस्त्रक्रिया केल्याची कथा त्यात येते. तक्षशिलेला सात वर्षे शिकून मगच त्याने रोग्याला हात लावला. तथागतांनीही कालामांना सांगितले की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा मोठे माणूस सांगते म्हणून काही मानू नका, स्वतः तपासून पाहा. बाळाच्या नाकावरच्या गाठीलाही हाच नियम लावायचा. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाने हा विषय पाच मिनिटे काढावा. मालीश करणाऱ्या मावश्यांनाही आवर्जून बोलवावे. त्यांचे हात रोज कितीतरी बाळांच्या चेहऱ्यावरून फिरतात. गाठ दिसली की दाबायची नाही, आईला दवाखान्यात पाठवायचे, एवढे त्यांना पटले तरी आपल्या वस्तीतल्या एखाद्या बाळाचा मेंदू वाचू शकेल.

जय भीम! नमो बुद्धाय!